बंधुराजांनी पसंत केलेली फळी

गिमली, सरोवराकाठ
डिसेंबर

हाल्डोर भाऊजींना सोल्व्हेगवहिनीचा नमस्कार, इन्गाला आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? इन्गाचा खोकला थांबला का? तुमच्या बंधूंचे लोकरीच्या अस्तराचे बूट तुम्हाला अगदी मापात बसले, हे वाचून बरं वाटलं. (ते तुम्ही दफनाच्या दिवशीच घालून पाहिलेत, तेव्हा पाद्री बघत होते. असो.) मी ठणठणीत आहे, फक्त सप्टेंबरात घरामागच्या लाकडी डेकमधून खाली गेले. डेकवरून नव्हे, डेकमधून. एक पाय आत, दुसरा वर आणि हातात कॉफीची किटली. किटली वाचली.

तो डेक तुमच्या बंधूंनी स्वतः ठोकलेला. दर वर्षी बर्फ वितळलं की खाली कुजलेल्या फळ्या निघायच्या आणि हे तोंडात खिळे धरून पुन्हा बसायचे. मी कॉम्पोझिटचं (भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवतात त्या फळ्यांचं) नाव काढलं, की खिळ्यांमधूनच म्हणायचे, "मी मेल्यावर घाल तुझं प्लास्टिक." ती अट त्यांनी एप्रिलमध्ये पूर्ण केली, म्हणून मी ओरेस्टच्या दुकानात गेले. ओरेस्ट म्हणाला, "काकू, आपल्या थंडीत पोकळ फळी घेऊ नका. पाणी शिरून गोठलं की तडकते. भरीव घ्या. आणि काळी तर नकोच, उन्हात अशी तापते की अनवाणी पाय ठेवलात तर नाचाल." तरी त्याने करडी, बदामी आणि काळी असे तिन्ही नमुने दिले. हिवाळाभर बाहेर ठेवा, मग ठरवा, म्हणाला. मी ते जुन्या डेकवर शेजारी शेजारी मांडले.

पहिलं दाट बर्फ पडलं त्या सकाळी पडदा सारला, तर काळ्या फळीवर दोन पावलं. तोंड सरोवराकडे. सभोवार बर्फ अगदी नितळ. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. करड्या आणि बदामी फळीला कुणी शिवलेलंही नव्हतं. मी खराट्याने झाडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तुमचे बंधू कॉफी पीत जिथे उभे राहायचे, नेमके तिथेच, डावं पाऊल जरा बाहेर वळलेलं. भाऊजी, मी घाबरले. आणि खोटं कशाला सांगू, आनंदही झाला.

शेजारच्या लोआला बोलावून दाखवलं. (तिच्याकडे तिची वारलेली आजी अजून येते, त्यामुळे तिला नवल नाही.) ती म्हणाली, "अगं, मग कॉफी ठेव ना बाहेर!" ठेवली. कॉफी गोठली, पण शेजारचा साखरेचा खडा गेला होता. तो खारीने नेला असेल, असं मी स्वतःला बजावलं. पण खारीची पावलं बर्फात कुठेच नव्हती, तेही मनात आलं. आयुष्यभर प्लास्टिकला नाकं मुरडणाऱ्या माणसाने मेल्यावर रोज त्यावर उभं राहावं, आणि तेही जी घेऊ नको म्हणतात नेमक्या त्याच फळीवर! हट्टीपणा तुमच्या घराण्यातच आहे. ईस्टरला या आणि रंगाबद्दल तुमचं मत सांगा.

तुमची,
सोल्व्हेग

ता. क. रंगाचं राहू द्या, काळीच सांगितली आहे. हिवाळ्यातल्या उन्हाने तीच काय ती जराशी कोमट होते. लोआने काल गुडघ्यांवर बसून पावलं नीट पाहिली. पाचही बोटं दिसतात. "सोल्व्हेग, पायात काही घालून पुरलंस ना गं?" तिने विचारलं. आपली जुनी माणसं मेलेल्याच्या पायात वाटचालीसाठी बूट बांधत. आपण मात्र, शवपेटीचं झाकण अर्धंच उघडतात, पाय कोण बघतंय, असं म्हणून त्यांना नुसत्या मोज्यांवर पाठवलं आणि बूट तुम्हाला दिले. आता मोजेही फाटले असतील. रात्रभर मला रडू आवरलं नाही. ते बूट लगेच टपालाने पाठवा.

पुन्हा ता. क. आज सकाळी काळी फळी कोरी होती. पावलं डेकवरून उतरून फाटकाबाहेर, तुमच्या विनिपेगच्या रस्त्याला लागली आहेत. हे पत्र मिळेपर्यंत पोचतील असं दिसतं. बूट दाराबाहेर काढून ठेवा. टपालखर्च वाचेल.