पऱ्हाटीचा मांडव आणि पांढरं लुगडं

चांदूर बाजार,
१२ एप्रिल १९६१

रा. रा. शेषराव पाहुणे, मुक्काम तेल्हारा, यांस देवरावाचा मानाचा जयभीम. वहिनींनाही सांगावा. तुमची खुशाली कळवावी असं मागच्या दोन कार्डांत लिहिलं होतं. तुम्ही कळवली नाही, तेव्हा खुशाल आहात असं धरून चालतो. वहिनींच्या गुडघ्याला आराम असावा. (आमच्या गुरांच्या दवाखान्यात बैलाच्या गुडघ्याला लावायचं एक तेल आलं आहे. वास उग्र आहे, पण बैलाची तक्रार नाही. हवं असल्यास शिशी पाठवतो. राग मानू नये.) माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणखाण वेळेवर होतं. एकटेपणाचा काही त्रास नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्याकडे कोणी वेगळं सांगितलं असेल.

वेगळं सांगितलं असेल, यावरून मुद्द्यावर येतो. तुमची बहीण मेली अशी बातमी तेल्हाऱ्याला पोचली असल्यास ती खोटी आहे. ती तुमच्याच घरी आहे, तेव्हा तुम्हाला खात्री करून घेता येईल. देवराव दुसरं लग्न करून राहिला, अशीही एक बातमी आहे. ती अर्धी खरी आहे. लग्न करून राहिलो, पण बायको पहिलीच आहे.

सविस्तर असं की, येत्या वैशाखी पौर्णिमेला सकाळी नऊ वाजता माझ्या अंगणात माझं आणि तुमच्या बहिणीचं बौद्ध पद्धतीनं लग्न लावायचं मी ठरवलं आहे. तुमच्या बहिणीला अजून कळवलेलं नाही. बाकी तयारी झाली. आमचं पहिलं लग्न तुम्हाला आठवत असेल, सत्तावीस वर्षं झाली. मी चौदाचा, ती नऊ वर्षांची. ती तुमच्या मामाच्या खांद्यावर झोपली होती आणि मी बाशिंगाआडून बुंदीची परात कुठं ठेवली ते पाहून राहिलो होतो. आम्हाला कोणी काही विचारलं नाही, आम्हीही कोणाला काही वचन दिलं नाही. आमचे धर्मपाल गुरुजी (शाळेत मास्तर आहेत, इकडची लग्नं तेच लावतात) म्हणतात, नव्या पद्धतीत नवऱ्यालाही वचनं द्यावी लागतात. बायकोचं नाव घेऊन, चारचौघांत, मोठ्यानं, पाच. त्यातलं दुसरं आहे, मी पत्नीचा अपमान करणार नाही. ते ऐकलं आणि मी म्हटलं, गुरुजी, मले हेच पाहिजे. गुरुजी म्हणाले, सुटं मिळत नाही, पाचही घ्यावी लागतात.

हेच का पाहिजे, ते तुमच्या बहिणीनं तुम्हाला सांगितलं नसेल. ती कमी बोलते, म्हणून मीच सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मला कणगीत, ज्वारीच्या तळाशी, तुमच्या आईचा कुंकवाचा करंडा सापडला. घरातले देव तर आम्ही चार वर्षांपूर्वी, नागपूरहून दीक्षा घेऊन आल्याबरोबर, नदीत सोडले होते. मला वाटलं, त्यातला एक देव हिनं करंड्यात लपवून ठेवला. (माणसाला जरा मान मिळाला की तपास करायची हौस येते. मी तेव्हा इथल्या बौद्ध मंडळाचा उपाध्यक्ष होतो.) तिला विचारायचं सोडून मी तो करंडा रविवारच्या वंदनेला घेऊन गेलो आणि ती समोर बायकांत बसलेली असताना उभा राहून बोललो. आपल्याच घरात आग आहे वगैरे, पुष्कळ बोललो, आणि लोक ऐकतात असं पाहून आणखी बोललो. मग करंडा उघडला. आत बडनेरा ते नागपूरची पुठ्ठ्याची दोन तिकिटं होती. दीक्षेला गेलो तेव्हाची. त्या दिवशी नागपूर टेसनावर एवढी गर्दी, की तिकिटं गोळा करायला दारात कोणी उभंच नव्हतं. माझं मी तिथंच फेकलं होतं, तिनं ते उचलून आपल्याजवळ ठेवलं असणार. सभेत कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तुमची बहीण हसली नाही. घरी आली, दोन वेळच्या भाकरी करून ठेवल्या, पिशवी घेतली आणि निघताना एवढंच म्हणाली, "धरम बदलला, पण तोंड तेच रायलं तुमचं." त्या भाकरी मी तिसऱ्या दिवसापर्यंत पुरवल्या.

असो. तयारीचं सांगतो. पैसा नाही आणि माणूसबळ म्हणजे मीच, म्हणून सगळं घरच्या घरी. मांडव पऱ्हाट्यांचा. कापूस निघाल्यावर शेतात ज्या वाळक्या काड्या उरतात, त्यांना कोणी नाही म्हणत नाही. चार दिवस भारे वाहिले. पहिला मांडव वाऱ्यानं पाडला. दुसरा चांगला झाला होता, पण शेजारी आमच्या दवाखान्यात खरजेच्या इलाजाला आलेला एक गोऱ्हा त्याला अंग घासायला आला, आणि मांडव गोऱ्ह्याच्या गळ्यात गेला. तिसरा बुटका बांधला आहे. तुम्ही उंच आहात, जरा वाकून यावं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी स्वतः टाचल्या. एकीत वरण वाढून पाहिलं, ते थांबलं नाही, मांडीवर आलं. म्हणून वरण रद्द केलं आणि रोडगे ठरवले. कणकेचे गोळे गोवऱ्यांत भाजायचे, त्यात काय मोठं, असं मला सत्तावीस वर्षं वाटत होतं. पहिला घाणा निघाला तेव्हा आमचे डाक्टरसाहेब आले होते. त्यांनी एक रोडगा हातात तोलला आणि विचारलं, देवराव, हे बैलाला सकाळी द्यायचं की संध्याकाळी. कपडे पांढरे पाहिजेत, म्हणून धोतर नीळ घालून धुतलं. नीळ जास्त पडली. निळा रंग आपलाच आहे, असं मनाशी म्हणून घडी करून ठेवलं.

तिच्यासाठी पांढरं लुगडं घेतलं आहे. कोऱ्या कापडाची खळ तिच्या मानेला लागते, पुरळ येतं, म्हणून तीनदा धुतलं आणि अंगणात दोरीवर वाळत टाकलं. तेवढ्यात रोडग्यांचा दुसरा घाणा लावला होता, धुरानं माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. अशा वेळी भाजीवाली गंगूबाई माळीण फाटकातून आत आली. त्यांच्यात पांढरं लुगडं लग्नाचं नसतं, दुखवट्याचं असतं. तिनं लुगडं पाहिलं, माझे डोळे पाहिले, पाच महिन्यांपासून घरात बाईमाणूस नाही हे तिला ठाऊकच होतं. टोपली खाली ठेवून तिनं जो गळा काढला, तो बाजारापर्यंत ऐकू गेला असेल.

आता खरं सांगतो, मी तिला लगेच अडवलं नाही. पाहुणे, या घरात पाच महिने तुमच्या बहिणीचं कोणी नाव काढलं नव्हतं. लोक माझ्याशी पावसापाण्याचं बोलतात, गुरांचं बोलतात, ती कधी येणार असं कोणी विचारत नाही. गंगूबाई रडत रडत तिचंच बोलत होती आणि मला ऐकत राहावंसं वाटलं. म्हणाली, मेथीची जुडी कधी सोडून पाहिली नाही तिनं, विश्वासानं न्यायची. म्हणाली, मिरच्या मात्र निवडून घ्यायची, फिक्या तेवढ्याच, आमच्या घरी तिखट सोसत नाही म्हणायची. मी म्हटलं, हो, तिला तिखट चालत नाही. गंगूबाई म्हणाली, "तिले नाही बापा, तुमाले. तिच्यासाठी झणझणीत मिरची अलग घ्यायची ते." पाहुणे, मी अर्ध्या तालुक्यात सांगत हिंडलो आहे की माझ्यासारखा ठेचा खाणारा माणूस नाही. मग मी गंगूबाईला सांगितलं की कोणी मेलं नाही, लग्न आहे. तिनं टोपली उचलली आणि मला पुष्कळ बोलली. ते बरोबरच बोलली.

पण तोवर बातमी सुटली होती. दुसऱ्या दिवशी नत्थुजी आले. हे आपल्यातलेच, लग्नं जुळवायचं काम करतात आणि न विचारता करतात. ते आले तेव्हा मी वचनांचा सराव करून राहिलो होतो. समोर कोणी असल्याशिवाय बोलणं सुचत नाही, म्हणून पाण्याच्या रांजणाला ते पांढरं लुगडं नेसवलं होतं, गळ्यात माळ घातली होती, आणि मी हात जोडून रांजणाला म्हणत होतो की मी तुझा मान राखीन. नत्थुजी दारातच थांबले. मग जवळ बसून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, नांदगाव खंडेश्वरला एक बाई आहे, स्वभावानं शांत आहे, तुम्ही जास्त दिवस लावू नका. एकाच आठवड्यात गावानं मला विधुर केलं आणि नवरदेवही केलं. नत्थुजींना मी दोन रोडगे देऊन वाटेला लावलं. त्यानंतर ते आले नाहीत.

तरी तुम्ही व वहिनींनी लग्नास अगत्य यावं. अकोटवरून परतवाडा, तिथून आमची मोटार मिळते. कळावे.

तुमचा,
देवराव

ता. क. येताना तुमच्या बहिणीला घेऊन यावं. तिच्याशिवाय लग्न लागत नाही असं गुरुजींचं म्हणणं आहे, मी दोनदा विचारून पाहिलं.

ता. क. तिला सभेच्या धास्तीनं यायचं नसेल, तर सांगावं की उपाध्यक्षपद मी सोडलं. पण त्या सभेतल्या झाडून सगळ्यांना लग्नाला बोलावलं आहे. जिथं बोललो तिथंच माफी मागायची आहे. करंडा आणि दोन्ही तिकिटं घरात बुद्धाच्या फोटोखाली ठेवली आहेत. रोज पुसतो.

ता. क. एकटेपणाचा त्रास नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडावं. धूर होता हे खरं, पण सगळा धूर नव्हता.

ता. क. हे शेवटचं, आणि हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा. वचन नाव घेऊन द्यावं लागतं. सत्तावीस वर्षांत मी तिला "अवो" म्हणालो, "ऐकलं का" म्हणालो, नावानं कधी हाक मारली नाही. रांजणापुढंही नाव तोंडातून निघालं नाही. म्हणून लिहून पाहतो.

मैना, मी तुहा अपमान करणार नाही. मले करमत नाही. घरी ये. बाकीची चार वचनं तू समोर बसल्यावर म्हणतो.