मधूचं इंजिन आणि आमचे डोळे

अमरावती, ३ फेब्रुवारी १९६४
सातवीच्या वर्गात फळ्यावर पळसाची फांदी काढली, फुलं रंगवली. मागून मुली हसल्या. हेडमास्तर दारातच. बाहेर बोलावून म्हणाले, "सर, पळस हिरवा कधीपासून फुलायला लागला?"
"चुकून झालं," म्हणालो. डब्यातले सगळेच खडू मला राखेच्या रंगाचे दिसतात.
चित्रकलेचा मास्तर मी. सांगू कुणाला?

८ फेब्रु.
दुपारी शाळेतून येताना सगळं पांढरंफटक. भिंत धरून घर गाठलं. दिवेलागणीला मात्र बरं दिसतं. सुशीला म्हणते, "लोकं सांजेले चाचपडतात, तुमचं उलटं काऊन?"
बायकोला काय सांगणार. हसलो.

अकोला, १७ फेब्रु.
डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं. मग कागदावर काढून दाखवलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी. काही काठीसारख्या, त्या अंधुक उजेडाच्या. रंग त्यांना कळत नाहीत. काही शंकूसारख्या; भर उजेड, रंग, बारीक अक्षर सगळं त्यांच्याकडे.
"तुमच्या शंकूसारख्या पेशी मरत चालल्यात."
औषध नाही. काळा चष्मा लावा, ऊन सोसेल.
उठताना त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"
बाबा दुपारभर डोक्यावरून उपरणं ओढून बसायचे. आणि धाकटा भाऊ मधू. दिवाळीत अंगणात डोळे मिचकावत बोलत होता.
मधू मूर्तिजापूरला छोट्या रुळांच्या आगगाडीवर ड्रायव्हर आहे.

२३ फेब्रु.
मूर्तिजापूरला जाऊन आलो. एक लाल, एक हिरवा खडू नेला होता, सुशीलानं खूण करून दिलेला. "यातला लाल कोणता, मधू?"
त्यानं दोन्ही हातात घेतले. पाहत राहिला. मग चुरून टाकले.
"सिग्नलचा रंग फायरमन सांगते मले. चालून राहिलं."
"आणि त्याचं लक्ष नसलं तर?"
"दादा, आपल्यात इंजिन चालवणारा मी पयला. तूच खाली उतरवतं काय मले?"
पाठ फिरवून गेला.

१ मार्च
सुशीलाला मधूचंही सगळं सांगितलं. कणीक मळता मळता म्हणाली, "रेल्वेच्या साहेबाले सांगाल तं भाऊजीच्या लेकरायचा घास जाते. नाही सांगाल तं गाडीत बसलेल्यायची लेकरं..." रडली.
मधूची गाडी सुटायची वेळ झाली की मी घड्याळापाशी जाऊन उभा राहतो.

६ मार्च
हेडमास्तरांना माझं सांगून टाकलं. म्हणाले, "सुट्ट्या लागेपर्यंत पांढऱ्या खडूनं काढा. पुढचं मी काय सांगू?"
मधूचं ओठावर आलं होतं. गिळलं.

८ मार्च
संध्याकाळी मधू आला. हात धुतले नव्हते, अंगभर कोळसा. त्याच्या गाडीच्या वाटेत रुळाचं काम चालू होतं, माणसं रुळावर. फायरमन ओरडला म्हणून ब्रेक लावला, माणसं वाचली.
"दादा, लाल झेंडी होती म्हणे. मले नुसतं गवत दिसलं."
जेवला नाही. अकोल्याच्या डॉक्टरांचं नाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, "उद्या दुपारी ड्यूटी हाय माही."
पहाटेच्या मोटारीची अकोल्याची दोन तिकिटं काढणार आहे. मोटार मूर्तिजापूरला थांबते. तिथं तो उतरायला उठला, तर मी त्याचा हात सोडणार नाही.