सूर्यासाठी मिक्सर बंद

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ जुलै २००१

चि. शिवलीला हिला अज्जीचे शरणु शरणार्थी.

इकडे सगळं ठीक. तुझी आई ठीक, म्हैस ठीक, मी तर ठीकच. तुझं पत्र शेजारच्या शालूबाईनं दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ओरडून, मजकूरच तसा होता. हे पत्रही तीच लिहिते आहे. मी बोलेन ते सगळं लिहायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

तर श्रावणातही तू येणार नाहीस. सूर्य यंदा भरात आहे म्हणे. त्याच्या अंगावर स्फोट झाला की इलेक्ट्रॉन नावाचे कण प्रभामंडळातून सुसाट वर सुटतात, आणि माळावरच्या तुमच्या अँटेनाच्या तारांना त्यांचा रेडिओ लागतो. जितके उंच जातील तितका सूर खाली. माणूस वर चढला की आवाज चढवतो. तुझे कण उलटेच की! मला वाटलं, आभाळ भरलं की तरी सुट्टी मिळेल. तर म्हणे रेडिओ ढगातूनही येतो. एवढा चिकट तर जावईही नसतो.

सूर्याचं मी समजून घेईन. पण ती घरमालकीण नंजम्मा? खोली दिली, जेवू घातलं, ठीक. तिला ‘अज्जी’ कशाला म्हणायचं? मिक्सरच्या ठिणगीनं तुमच्या यंत्रात खरखर येते, म्हणून तुझं काम संपेपर्यंत ती चटणी दगडावर वाटते, हे तू केवढं कौतुकानं लिहिलंस. माझ्या खर्ड्याच्या वाट्याला कधी एक ओळ आली नाही.

म्हणून मीही आपला मिक्सर दिवसाचा बंद केला. तुझी आई म्हणाली, “आत्ती, कोल्हापूरचा मिक्सर तिकडं कर्नाटकात ऐकू जातोय व्हय?”

“सूर्य ऐकू येतोय तिला, मग आपली चटणी न्हाय येणार?”

तिनं पाटा माझ्यापुढं सरकवला. तेव्हापासून मीच वाटते आहे.

परवा गंमत झाली. तुझ्या आईनं चोरून मिक्सर लावला. मी शेजारीच, पाठमोरी. मला पत्ताच नाही. कोपर भांड्याला लागलं तेव्हा थरथर हाताला कळली.

शालूबाई इथं थांबली. “हे लिहू?” म्हणते. लिही की, कबूल केलंयस.

लीला, तू फोनवर बोलत असताना मी मधेच ठेवून देते, ते रागानं नव्हे. मला नुसती गिरणीसारखी घरघर येते. तुझ्या तारांना एवढ्या लांबच्या सूर्याची कुजबुज ऐकू येते, नंजम्माला तू रोज ऐकू येतेस. ते मात्र मला सोसत नाही. डावा कान गेलाच. उजव्यात थोडं उरलंय, ते मी कुणावर खर्च करत नाही.

एखादा दिवस सूर्याचं दुसरं कुणीतरी ऐकेल. तू गाडीत बस. घरात आलीस की उजवीकडून ये, जवळ बस आणि ‘अज्जी’ म्हण. मोठ्यानं.

नंजम्माला नमस्कार सांगू नकोस. तू येईपर्यंत मिक्सर बंद.

तुझी एकुलती एक अज्जी,
शांतव्वा