कंट्रोलच्या बटणावर अडलेला बस्ता

नवागाम, सुरत
एप्रिल १९९९

श्रीयुत लक्ष्मणराव साडूभाऊ यांना पोपटचा हात जोडून, आणि घडलेला प्रकार पाहता कानही पकडून, नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वत्सलाताईंचं पित्त खाली बसलं का? (आमच्या घरातलं वर आलेलं आहे, त्याबद्दल पुढे.) इकडे सगळे खुशाल. सुषमाचा आवाज ठणठणीत आहे. उज्ज्वलाही बरी आहे असं लिहिणार होतो, पण पोरगी परवापासून ताटावर नुसती बसते आणि उठते. विचारलं तर म्हणते, ‘पप्पा, मी तुम्हाला काही बोलली का?’ ती काही बोलत नाही हेच तर मला खातं. का ते सांगतो, पण आधी चहा घेऊन बसा, कारण यात सगळी चूक तुमच्या खात्याची आहे.

तुम्ही पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आणि मी पलसाण्याला साड्या छापायच्या मिलमध्ये, यावरून तुम्ही प्रत्येक लग्नात माझी जी थट्टा करता ती आता बंद करावी. गेल्या दिवाळीपासून मीही कॉम्प्युटरवर आहे. आमच्या मगनभाई शेठनी यंत्र आणलं, त्यात सगळ्या डिझाइनी भरल्या, आणि ते चालवायला माणूस शोधायला लागले. मिलमध्ये कोणाचे हात निळे, कोणाचे राणी, कोणाचे कोपरापर्यंत हिरवे. घडी खात्यात असल्यामुळे माझेच हात तेवढे स्वच्छ होते, म्हणून मला बसवलं. (तुमची निवड कशी झाली ते कधी सांगितलं नाहीत.) काम सोपं आहे. काचेवर डिझाइनींची बारकी बारकी चित्रं रांगेने दिसतात, व्यापाऱ्याला आवडतील ती निवडायची, फ्लॉपीत घालायची आणि फ्लॉपी खाली छपाईला पाठवायची. वरच्या रांगांत साड्या आहेत. खाली सरकवलं की चादरी लागतात, त्यांवर हत्ती, बदकं, मोटारी. शेठच्या चिरंजीवांनी सगळं एकाच जागी ओतून ठेवलं आहे.

उज्ज्वलाचं बारडोलीला जमल्याचं तुम्हाला कळलंच आहे. मुलगा प्रफुल्ल सोन्यासारखा. त्याचे वडील साखर कारखान्यात आहेत, पण त्यांच्या बोलण्यात साखर नाही आणि तिखटही नाही, कारण त्यांना बोलायची पाळी येत नाही. बोलतात त्या विहीणबाई. कलाबाई मूळच्या पारोळ्याच्या, आणि रीतभात म्हणजे त्यांच्या घरची शेती. बस्त्याची गोष्ट निघाली तेव्हा मगनभाई म्हणाले, ‘पोपटभाई, चिंता ना करो, आपणी ज दीकरी छे, आपलीच लेक. नमुन्याच्या साड्या छापतोच, तुमच्या पाहुण्यांनी काचेवर पसंत कराव्यात, मी छापून देतो.’ माझी छाती फुगली. सुरतेत बस्ता बांधायला सगळा खानदेश येतो, पण कॉम्प्युटरवर बस्ता बांधणारा वधूपिता मी पहिलाच. सुषमा म्हणाली, ‘तुम्हनं डोकं ठिकाने शे ना?’ माझं डोकं ठिकाणावर होतं. हात कुठे होता ते पुढे वाचा.

आता आपली रीत तुम्ही पुण्यात राहून विसरला असाल, म्हणून आठवण करून देतो. बस्त्यात वरमाईने जी साडी उचलून बाजूला ठेवली ती ठेवली. ती परत गठ्ठ्यात टाकायची नाही. महाग असो, विटकी असो, नणंदेला आवडो न आवडो. परत टाकली की वरमाईचा मान परत टाकला. कलाबाई तर म्हणाल्या की त्यांच्या चुलत सासूने एवढ्यावरून भर बस्त्यातून माहेरची वाट धरली होती. मी मान डोलावली. कॉम्प्युटरने डोलावली नाही.

मुहूर्त पाहून सगळे ऑफिसात जमलो. टेबलावर हळदकुंकवाचं ताट आणि नारळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून कीबोर्ड उचलून सुषमाच्या मांडीवर दिला. कलाबाईंनी नवरीच्या शालूच्या चित्राला काचेवरच कुंकू लावलं (शेठनी डोळे मिटून घेतले) आणि निवड सुरू झाली. तुमच्या यंत्रात एकाहून जास्त चित्रं निवडायची तर कंट्रोल म्हणून एक बटण दाबून धरावं लागतं. ते सुषमाने धरायचं, उंदीर मी दाबायचा, बोट विहीणबाईंनी दाखवायचं. अशी तिघांची जमात बसली. विहीणबाई म्हणायच्या, ‘ही आत्यासाठे’, मी दाबायचो, चित्र निळं व्हायचं. ‘ही मोठ्या जाऊसाठे.’ निळं. ‘ही मनासाठे,’ म्हणजे स्वतःसाठी. गडद निळं, असं मला तरी वाटलं. काच निळ्या चित्रांनी भरत चालली. उज्ज्वला मागे उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि हसत होती. लक्ष्मणराव, तिचं ते हसणं बघून मला इतकं बरं वाटलं की मी कॉम्प्युटरला मनातल्या मनात नमस्कार केला.

तेवढ्यात बाहेर थांबलेले व्याही दारातून आत आले. आता व्याही समोर आल्यावर चांगल्या घरातली बाई काय करते? दोन्ही हातांनी पदर डोक्यावर घेते. सुषमाने घेतला. त्याच क्षणी मी उंदीर दाबला. कंट्रोल सुटलेलं, त्यामुळे शेवटची एक साडी तेवढी निळी राहिली आणि आत्या, जाऊ, नणंद, स्वतः वरमाई, सगळ्यांच्या साड्या होत्या तशा पांढऱ्या पडल्या. कलाबाई काचेजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, ‘मन्या साड्या कोठे गयात?’ मी म्हटलं, ‘आहेत की तिथेच, फक्त निवडलेल्या नाहीत.’ याहून वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं. ‘म्हणजे परत टाक्यात! बस्तामा ठेयेल साडी परत जास का?’

मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाने यंत्राला हात लावू नये, पण मला तेवढी अक्कल असती तर सासऱ्यांनी तुमच्याऐवजी माझं कौतुक केलं असतं. शेजारी शिफ्ट म्हणून दुसरं बटण असतं आणि त्यानेही पुष्कळ निवडता येतं, एवढं मला ठाऊक होतं. सुषमाला ते धरायला सांगितलं, पहिली साडी दाबली, मग विहीणबाईंना आवडलेली शेवटची दाबली, आणि पहिलीपासून शेवटचीपर्यंत झाडून सगळ्या रांगा निळ्या झाल्या. कलाबाईंचा चेहरा हळूहळू उजळला. त्या व्याह्यांना म्हणाल्या, ‘पाहा, मनानं मोठा माणूस शे. सर्व्या दिन्ह्यात!’ व्याह्यांनी प्रथमच तोंड उघडलं आणि ‘वा’ म्हणाले. शेठनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी तुम्हाला पत्रात लिहू शकत नाही.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? ठेवल्या तर मिल बुडते, काढल्या तर लग्न. मी विचार करायला म्हणून हात मागे घेतला आणि जाता जाता बोट पडलं ते चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत. नुसत्या मोकळ्या जागेत, साडूभाऊ! सगळं निळं एका झटक्यात पुसलं गेलं. कलाबाई उठल्या, आणलेला नारळ पिशवीत घातला, ‘पहिलांदा चूक, दुसरांदा अपमान’ एवढं बोलून व्याह्यांसह बारडोलीची बस धरली. चहा गार झाला. उज्ज्वलाने कपबशा उचलल्या, विसळल्या आणि तेव्हापासून ती असं ताटावर बसून उठते. मला भीती वाटते, लक्ष्मणराव. एवढ्या चांगल्या पोरीचं लग्न एका बोटामुळे अडलं, तर मी तिला तोंड कसं दाखवू?

म्हणून तुमच्या कंपनीला माझ्या सूचना कळवाव्यात. एक साधी चिठ्ठी फेकायची असली तरी तुमचं यंत्र ‘खरंच फेकू का?’ म्हणून दहादा विचारतं, आणि वरमाईची अख्खी पसंती फेकताना हूं की चूं करत नाही, ही कुठली रीत? टोपलीत दुसरं वांगं टाकलं म्हणून भाजीवाली पहिलं रस्त्यावर फेकते का? प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारकी चौकट द्या. निवडलं की त्यात खूण पडावी, आणि ती खूण ज्याने केली त्यानेच पुसेपर्यंत हलू नये, मग कोणी पदर घेवो की मोकळ्या जागेत बोट घालो. निवडलेल्यांची वेगळी रास एका बाजूला दिसावी, म्हणजे वरमाईला डोळ्यांनी मोजता येईल. आणि दोन हातांचं काम एका हाताने व्हावं. आपल्या बायकांचे हात रिकामे नसतात, हे कंपनीतल्या साहेबांना कोणीतरी सांगायला हवं.

असो. वत्सलाताईंना नमस्कार, मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो कंट्रोलशिवायही टिकावा.

आपला,
पोपट

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. कलाबाईंना मी निरोप धाडला आहे की चूक माझी नसून कंपनीची आहे आणि त्याच कंपनीत माझे साडू मोठे साहेब आहेत. त्या म्हणाल्या, ‘मग कंपनीनं माफी मागावी.’ तरी कंपनीच्या छापील कागदावर, गोल शिक्का मारून, विहीणबाईंच्या नावे एक माफीपत्र ताबडतोब पाठवावं. मजकूर नम्र असावा. ‘परत टाकण्याचा हेतू नव्हता’ हे वाक्य हवंच.

ता. क. २. सुषमाने खांद्यावरून डोकावून वाचलं. ती म्हणते, तुमच्या कंपनीत कॉम्प्युटर बनत नाहीत, तुम्ही त्यांच्यावर घालायची प्लॅस्टिकची झाकणं विकता. वत्सलाताईंनीच तिला सांगितलंय म्हणे. मी विश्वास ठेवला नाही. शिक्का मात्र गोल असेल तर चालेल.

ता. क. ३. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि बरंच झालं. माफीपत्र आता नको. उज्ज्वलाने स्वतः बारडोलीला जाऊन विहीणबाईंना परत आणलं. काचेवरचं कुंकू तिच्या लक्षात होतं. तिने आपल्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि विहीणबाईंनी बोट ठेवलं की त्या चित्रावर काचेवरच एक टिकली चिकटवली. कंट्रोल नाही, शिफ्ट नाही. कलाबाई खूश, ‘आते कशी पळी जाई!’ सगळे हसत जेवायला गेले, उज्ज्वलाने दोन वेळा भात घेतला. तेवढ्यात शेठनी कोणा व्यापाऱ्याला चादरी दाखवायला चित्रं खाली सरकवली. चित्रं सरकली, टिकल्या काचेवर जागच्या जागी. मी परत येऊन टिकली असेल तिथे दाबत गेलो. माझं सगळं लक्ष कंट्रोलवरच्या अंगठ्यावर होतं. टिकलीखाली काय आहे हे बघायचं सुचलंच नाही. फ्लॉपी खाली गेली.

काल कलाबाईंनी आपली साडी उलगडली. सोंडा वर केलेले हत्ती, अंगभर, पदरावर हत्तीची पिल्लं. उज्ज्वला पांढरीफटक पडली. कलाबाईंनी हत्तींकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे, आणि घडी खांद्यावर टाकून म्हणाल्या, ‘मी बोट ठेयेल शे ना? मग मनीच शे. बस्तामा ठेयेल साडी परत जात नही.’ लग्नात त्या हीच नेसणार आहेत, आणि हसायची कोणाची छाती आहे ते मी बघणार आहे. माझे डोळे भरून आले ते मात्र हसून नाही.

वत्सलाताईंच्या मानाची साडी सोबतच्या पुडक्यात आहे. त्यांच्या नावाच्या टिकलीखाली बदकं आली. परत पाठवू नये. रीत तुम्हाला वर लिहिलीच आहे.