कुंकू लावलेलं जाकीट

किसना,

चौथीच्या पुढं माझी शाळा गेली न्हाई, तुला ठाऊक हाय. तरी आज लिहायला बसले. काहून? सकाळी सरपंचाचा माणूस दारात येऊन काय म्हणला, ते तूच ऐक.

"काकू, होडीवाल्यायसाठी बुडू न देणारी नवी जाकिटं आली. दसऱ्याला त्यायची पूजा हाय, नारळ तुमच्या हातानं फोडायचा. अन् किसनाभाऊचं जाकीट हार घालून त्याच्या फोटोखाली टांगायचं ठरलंय."

मी म्हणलं, "ते जाकीट आता कोणाच्या कामाचं रे?"

"आठवण म्हणून, काकू."

आठवण! थू असल्या आठवणीवर!

मी लग्न होऊन आले तव्हा तू शेंबडा दीर व्हतास. पुढं लग्नाला न्हाई म्हणलास, म्हणून शेवटपर्यंत भाकर माझ्याच हातची खाल्लीस. तुला बोलायचा हक्क माझा हाय. मेलास म्हणून सोडणार न्हाई.

पयला दिवस आठवतो? धरणावर संस्थेचे लोक आलते, आठ जाकिटं देऊन गेले. तुला शिकवलं अन् कपाटाची किल्लीबी तुलाच दिली. तू एक जाकीट गळ्यात घालून थेट माझ्या चुलीपुढं आलास. जाकीट कसलं, नुसता लाल जाड पट्टा!

"हे काय लोढणं घालून आलास बैलावानी?"

"वैनी, हे लोढणंच माणसाला वर ठेवतं. आत बोटाएवढी गॅसची बाटली हाय. पाणी लागलं की गोळी विरघळती, बाटलीला भोक पडतं अन् जाकीट फस्सकन फुगतं. न्हाईच फुगलं तर ही दोरी ओढायची."

"अन् जुनं झाल्यावर?"

"दरवर्षी खोलून बघायचं म्हणे. तोंडानं फुगवायचं, दुसऱ्या दिवशी ढिलं पडलं तर टाकून द्यायचं. बाटली तोलायची. गोळी बदलायची. दहा वर्षं झाली की जाकीटच नवं." अन् तू हसलास, "इतकं तर तुमी दादालाबी जपत न्हाई, वैनी!"

मग काहून न्हाई केलंस रे? एकदा तरी खोललंस का? विचारलं की म्हणायचास, "नवीच हायत." नवी नवी म्हणता सात पावसाळे गेले त्यायच्यावरून!

केलं काय तर पूजा. दर दसऱ्याला जाळी, वल्ही, कोयते मांडायचे अन् बाजूला जाकिटायची ओळ. घरची मोठी म्हणून कुंकू मी लावायची. अन् तू जायच्या आदल्या दसऱ्याला तू नारळ फोडलास तो नेमका पयल्या जाकिटाच्या उरावर. सगळं पाणी त्याच्यात गेलं अन् फस्स! बेडकावानी फुगलं. पुजारीबुवा ताटासगट मागं पडले. "देव पावला रे!" कोणीतरी ओरडलं. सारं गाव हसलं. मीबी हसले, किसना. पदर तोंडाला लावून हसले. तेच आता गिळवत न्हाई.

तू हवा दाबून काढलीस, घडी घातलीस, ठेवून दिलंस. अरे, बाटली तर रिकामी झालती! एकदा फुटलेली बाटली पुन्हा कामाची न्हाई, नवी लावायची, हे तुलाच तर शिकवलं व्हतं. "आणू नंतर," म्हणलास. अन् ते कुंकवाचं जाकीट सगळ्यात वर ठेवलंस. का, तर देव पावलेलं!

गेल्या भादव्यात वारा सुटला. तुझी जाळी मधल्या पाण्यात व्हती. तू निघालास अन् मीच मागून ओरडले, "जाकीट घातल्याबिगर होडीला हात लावू नको!" एरवी तू बिनजाकिटाचा जायचास, वारा बघून काठावरून परत यायचास. त्या दिवशी म्हणलास, "पावलेलं घालतो, वैनी. आता कसलं भ्या?"

अन् मधोमध गेलास. माझ्या शब्दाच्या भरवशावर गेलास का रे?

दुसऱ्या दिवशी तुला काढलं, तव्हा दोरी मुठीत व्हती. ओढलेली.

गाव म्हणलं, पाण्यानं नेलं. वेळ भरली व्हती म्हणलं. किळस येती मला त्या बोलण्याची! पाण्याला काहून नाव ठेवता? बाटली कोणी बदलली न्हाई, हे म्हणायला जीभ जड व्हती का?

तेराव्यानंतर किल्ली मी घेतली अन् कपाट खोललं. काय तो वास! मेलेला उंदीर अन् भिजलेलं गोणपाट. घड्या एकमेकीला चिकटलेल्या, शिवणीत बुरशी, कुंकवाची पपडी अन् तिच्यावर मुंग्या. ह्याच्या भरवशावर आमी माणसं पाण्यात सोडत व्हतो! बाटल्या काढून माझ्या मासे तोलायच्या काट्यावर ठेवल्या. बाटलीवर वजन कोरलेलं असतं, आकडे मला वाचता येतात. दोन बाटल्या हलक्या निघाल्या, गंजून गॅस गेलेला. किती हलक्या? मूठभर झिंग्याइतक्या. तुझीबी एवढीच हलकी असणार. बाळापूरच्या बाजारात मूठभर झिंगे कमी दिले तर बाया माझी पाटी उलथून टाकतील. अन् तो काटा, किसना, त्या कपाटापासून वीस पावलांवर रोज पडलेला व्हता.

सरपंचाच्या माणसाला आज सांगितलं, "नारळ तिकडं वडाखाली फोडा. जाकिटाजवळ पाण्याचा थेंब आणला तर माझ्याशी गाठ हाय."

"काकू, शुभ काम हाय."

"मग मीबी येते शुभ कामाला. काटा घेऊन."

जुनी सात जाकिटं मी कव्हाच इळीनं कापली, कोणी घाईत चुकून घालू नये म्हणून. तुझं तेवढं ठेवलं. पेटीत, लुगड्याखाली. हातच होईना. बघ, गावाला शिव्या देऊन राहिले अन् मी तरी काय वेगळी? मीबी पूजाच करत व्हते.

ते फोटोखाली टांगलं तर एखाद्या वाऱ्याच्या दिवशी कोणीतरी तेच ओढून गळ्यात घालंल. किसनाभाऊचं, पावलेलं म्हणून. म्हणून हे लिहून झालं की इळी घेते. आधी पट्टा कापीन, मग कुंकवाचा तुकडा. रागावू नको.

अन् दर दसऱ्याला एक एक बाटली तोलीन. गोळ्या बदलायला लावीन. दम लागेस्तोवर तोंडानं फुगवीन, अन् दुसऱ्या दिवशी जे ढिलं पडंल त्याला तिथंच इळी लावीन, मग त्याला कितीबी देव पावलेला असू दे. शब्द देते. मापात मी कव्हा कोणाला फसवलं न्हाई, फक्त तुझ्या वेळी तोललंच न्हाई.

तुझी वैनी,
सुभद्रा