जाणं त्यांचं, येणं माझं

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. 'सगळे' म्हणजे कोण कोण, ते मला ठाऊक नाही, म्हणून नावानिशी चौकशी करत नाही. इकडे मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याच्या कुरकुरीकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आहे.

तुमचे दादा गेल्याचं मुलीने तुम्हाला फोनवर कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही, हे आधीच लिहून मोकळी होते. शेवट शांत झाला. फार हाल झाले नाहीत. शेवटपर्यंत बोलत होते.

पंपदुरुस्तीचं दुकान बंद केलं. त्यांची हत्यारं शेजारच्या वेल्डरला दिली. तो म्हणाला, "काकू, हे पाने काकांच्या हाताला सरावलेत. माझं ऐकत नाहीत." पण घेऊन गेला. मी दुपारी वाचनालयात जाते. तिथल्या बाई म्हणतात, तुम्ही नेहमी जाडच पुस्तक नेता. मी म्हटलं, बारीक पुस्तक लवकर संपतं आणि मग संध्याकाळ तशीच उरते.

आता कामाचं. मुलगी हल्ली आठवड्यातून दोनदा नातीला माझ्याकडे सोडते. नातीला आमच्या प्रवासांच्या गोष्टी हव्या असतात. त्यातली अडचण तुम्हाला कळायची नाही, म्हणून सांगते. आमच्यात एक रीत होती. कुठेही गेलो की जातानाचं सगळं यांनी लक्षात ठेवायचं आणि येतानाचं मी. घरी कोणी आलं की हे जाण्याची हकिगत सांगत. मुक्कामाला पोचलो की उठायचे, "आता पुढचं हिचं," म्हणून चहा टाकायला जायचे. मग मी परतीचं सांगायची. एकमेकांच्या वाटणीत बोलायचं नाही, चूक काढायची नाही. मुलगी चिडवायची, "बाबा अर्ध्यात सोडतात आणि आई अर्ध्यापासून सुरू करते!"

ही रीत पडली ती तुमच्यासमोरच. लग्नानंतर आम्ही तळ्याकाठी गेलो, सासूबाईंनी तुम्हाला पाठराखण म्हणून सोबत दिलं, ते तुम्हाला आठवत असेल. मला गाडी लागते. उलटीची गोळी घेतली ती इतकी चढली की निघाल्यापासून पोचेपर्यंत मी झोपले. आयुष्यातला पहिला प्रवास आणि मी काही पाहिलं नाही, म्हणून तिथे पोचल्यावर मला रडू आलं. तेव्हा हे म्हणाले, "रडतेस काय? जाणं मी पाहिलंय, माझ्याकडे ठेवतो. येणं तू ठेव."

मग त्यांनी मला सगळं जाणं सांगितलं. पिवळी लांबच लांब भिंत आणि तिच्यावर बसलेली बदकं. दोन रंगांच्या पाण्याची नदी आणि तिच्यावरचा पूल. डोक्यावर आरसा घेऊन चाललेली बाई, त्या आरशात आपली अख्खी गाडी दिसली. परतीची गाडी दुसऱ्या रस्त्याने आली, म्हणून यातलं मला स्वतःला कधी दिसलं नाही. हे ऐकत मी म्हातारी झाले.

परवा मी नातीला परतीपासून सांगायला लागले तर ती म्हणाली, "पण आज्जी, तुम्ही तिथे पोचलात कशा?" मी जाणं सांगायला गेले आणि अडले. पिवळी भिंत पुलाच्या आधी की नंतर? माझ्या वाटणीचं नव्हतं, म्हणून मी कधी नीट धरून ठेवलं नाही. त्या गाडीत जागे असलेले तुम्ही दोघंच. आता एकटे तुम्ही आहात. तेवढं कळवाल का?

सवडीने लिहा.

तुमची,
वहिनी


दि. २१ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. अक्षर अगदी यांच्यासारखं आहे, 'व' चं पोट तसंच फुगलेलं. पत्त्याची बाजू वर होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

तुम्ही लिहिता, 'मला काही आठवत नाही. दादाने स्टँडवर मला तोडलं आणि मागे वळून पाहिलं नाही. तेव्हाच ते सगळं संपलं.'

बरं. मग मीही पहिल्या पत्रात जे गाळलं ते लिहिते. भिंत आणि पूल हे निमित्त होतं.

शेवट शांत झाला हे खरं, पण त्याआधीची दोन वर्षं शांत नव्हती. ते विसरत गेले. आधी गिऱ्हाइकांची तोंडं, मग दुकानाची वाट, मग मुलगी. मी त्यांच्या वाटणीची जाणी त्यांना सांगून पाहायची. जिथे मला आठवायचं नाही तिथे मनाने भर घालायची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "छान फिरलेत हो ते दोघं!"

शेवटच्या वर्षात मीही गेले. म्हणजे मी होते, न्हाऊ घालत होते, भरवत होते, पण ते मला "बाई" म्हणायचे. समोरच्या घरातली नर्स मदतीला यायची. तिला वाईट वाटायचं. ती म्हणायची, "काका, ही तुमची बायको!" त्यावर ते ओठांवर बोट ठेवायचे. "हळू बोला. ती झोपलीय. तिला गाडी लागते."

भाऊजी, ते त्याच गाडीत होते. रोज. खुर्चीत बसून एक हात खांद्याच्या उंचीला उचलून धरायचे आणि तासन्‌तास खाली घ्यायचे नाहीत. आम्ही हात खाली घेतला की रागवायचे. शेजारी तुम्ही बसलेले असायचात. तुमच्याशीच बोलायचे. आणि बोलता बोलता मधेच दबक्या आवाजात म्हणायचे, "धाकट्या, तिला सांगू नकोस हं. कधीच सांगू नकोस."

हे शंभरदा ऐकलं असेल मी. समोर बसून, हातात वाटी घेऊन.

तुम्हाला माहीत आहे, यांच्यासाठी आधी दुसरी मुलगी पाहिली होती. यांना ती पसंत होती, घरच्यांनी मोडलं. हे मला सासूबाईंनीच सांगितलं, रागात नाही, सहज, भाजी निवडताना. मी यांना कधी विचारलं नाही. संसार नीट झाला, मग कशाला उकरायचं? पण आता रिकाम्या घरात ते एकच वाक्य घुमतं. नवी बायको खांद्याशी झोपलेली असताना माणूस भावाला काय सांगत असेल, जे तिला कधीच कळायला नको? माझ्यावर मन नव्हतं, हेच ना? ते असेल तर तसं लिहा. मी ऐकून घेईन. पुस्तकांत माणसांनी याहून वाईट ऐकून घेतलेलं मी वाचलं आहे. पण न कळता राहणं मला जमेना.

तुमच्याकडून फुकट मागत नाही. माझ्याकडे येणं आहे, ते तुम्हाला देते. हे मला म्हणाले होते, "परतीतलं एवढं सोडून बाकीचं सांगत जा." मी पाळलं. आता ते नाहीत.

तुम्ही तिथेच राहून होड्यांच्या कामाला लागणार म्हणालात, आणि स्टँडवर यांनी तुम्हाला "परत तोंड दाखवू नकोस" म्हटलं. ते तुम्ही ऐकलंत. मग गाडी सुटली. तुमचं तिकीट काढलेलं होतं. यांनी तुमच्या जागेवर पिशवी ठेवली. एक जाडजूड गृहस्थ उभे होते, ते म्हणाले, "पिशवी मांडीवर घ्या की." हे म्हणाले, "माणूस येतोय." कंडक्टरही म्हणाला, तरी तेच. गाडी थांबेल तिथे हे उतरायचे आणि मागच्या रस्त्याकडे पाहत उभे राहायचे, दुसऱ्या गाडीने तुम्ही येताय का म्हणून. कंडक्टर ओरडला की चढायचे. ते गृहस्थ शेवटपर्यंत उभे राहिले आणि शेवटपर्यंत आम्हाला नावं ठेवत राहिले.

घरी पोचल्यावर यांनी मामंजींना सांगितलं, "मीच त्याला तिथे ठेवून आलो. काम चांगलं आहे." मामंजी कितीतरी महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. तुमच्यावरचा सगळा राग यांनी आपल्या अंगावर घेतला. तुम्ही पत्र लिहिलं नाहीत, यांनीही नाही. एकाच आईचे ना दोघे!

हे तुमचं होतं. मी ठेवून घेतलं होतं. आता माझं असेल ते द्या.

वाट पाहते.

वहिनी


दि. ११ मार्च

प्रिय भाऊजी,

नीट पोचलात का? निघताना चादर विसरलात, ती धुऊन ठेवली आहे.

तुम्ही न कळवता याल असं वाटलं नव्हतं. दारात वाकलेला, टोपीवाला माणूस पाहून मी म्हटलं, "दुकान बंद झालं हो, पंप दुसरीकडे न्या." आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी होडीवाला. मला पंप लागत नाही." तेव्हा मी आधी हसले. मग काय झालं ते तुम्ही पाहिलंच.

नात तुम्हाला बघता क्षणी चिकटली. तिने विचारलं, "आजोबा, पिवळी भिंत पुलाच्या आधी की नंतर?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "आधी. आधी भिंत, मग पूल." ती "बदकं किती होती?" म्हणाली तर तुम्ही म्हणालात, "मोजू कशी, एक बसलं की दुसरं उडायचं." इतक्या सफाईने बोललात! मला वाटलं, चला, भाऊजींना सगळं आठवतंय.

ती खेळायला गेल्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी मनात पुन्हा पुन्हा घोळवते आहे. लिहून काढते. चुकलं तर सांगा.

भिंत नव्हती. बदकं नव्हती. नदी असेल, पण दिसली नाही. निघाल्यापासून पोचेपर्यंत दाट धुकं होतं, ड्रायव्हरने दिवे लावून गाडी हाकली, आणि काचेबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, पलीकडून जाणारा माणूससुद्धा दिसत नव्हता, आरसा कुठून दिसणार!"

माझं डोकं खिडकीच्या लोखंडी गजावर आपटत होतं. यांनी गज आणि डोकं यांच्यामध्ये हात घातला. गाडी खड्ड्यांतून चाललेली. तुम्ही म्हणालात, "दादा, टॉवेल लाव." हे म्हणाले, "टॉवेल सरकतो." सबंध वाट तो हात तिथेच होता. तळ्याकाठी पोचल्यावर त्यांची बोटं सुजलेली मला आठवतात. मी विचारलं तर म्हणाले, गाडीचं दार लागलं. त्याच सुजलेल्या हाताने दाखवत त्यांनी मला भिंत सांगितली, इथून इथपर्यंत. आणि मी उठायच्या आधी तुम्हाला बजावलं होतं, "ही उठली की विचारेल. काहीच दिसलं नाही असं तिला सांगू नकोस. बघतो मी काहीतरी."

तुम्ही गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसून हात तसा उचलून धरून पाहिला. फार वेळ जमलं नाही.

त्या दुसऱ्या मुलीबद्दल मी तुम्हाला विचारलं नाही. विचारायचं राहिलं असं नाही, विचारावंसं वाटलं नाही.

रडू आलं ते या गोष्टीचं की मी जन्मभर त्यांच्या वाटणीत बोलले नाही, आणि शेवटी त्यांना त्यांचीच जाणी सांगताना मनाने भर घातली, तर ते म्हणाले, "छान फिरलेत हो ते दोघं!" म्हणजे भर घालणारे आम्ही दोघंही. त्यांना कळतं तर "आता पुढचं हिचं," म्हणून चहा टाकायला उठले असते.

नातीला मी भिंतच सांगणार आहे, पुलाच्या आधी. तुम्ही साक्षीदार आहात, मागे फिरू नका.

तुम्ही जाताना म्हणालात, एकदा तळ्यावर या. मुलगी म्हणते, आई, तुला गाडी लागते, गोळी घेतल्याशिवाय कशी जाशील, आणि गोळी घेतलीस की झोपशील. मी गोळी घेणार नाही. पिशवी जवळ ठेवीन, जे व्हायचं ते होईल. तिकिटं दोन काढते आहे. एका जागेवर तुमची चादर ठेवीन. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मला ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने येते. स्टँडवर या. वाटेत काय काय दिसलं ते उतरल्याबरोबर तुम्हाला सांगेन. धुकं असलं तरी सांगेन.

आता जाणंही जिच्याकडे आलं, ती तुमची
वहिनी