कॉलरच्या हाडावरची गाठ

४ फेब्रुवारी

माझ्या अंगात दोनशे सहा हाडं आहेत म्हणे! सूनबाईने आज मोजायला घेतली आणि बरगड्यांशीच अडकली. म्हटलं, बाई, तिथे हाडाआधी चरबी लागते, जरा खणावं लागेल. हसली. बरं झालं हसली. प्रॅक्टिकलला नापास झाल्यापासून नुसता चेहरा पाडून फिरत होती.

फिजिओथेरपीच्या परीक्षेत जिवंत माणसाच्या अंगावर, वरून चाचपून, हाड कुठे आणि स्नायू कुठे ते दाखवायचं असतं. लेखी पेपर हिने झकास लिहिला. पण परीक्षक समोर उभा राहिला आणि हिची पाचावर धारण बसली. हात थरथरले. खांदा दाखवायच्या ऐवजी त्या बिचाऱ्याला गुदगुल्याच केल्या! आता महिनाअखेर पुन्हा परीक्षा. पास झाली की चिरंजीव ज्या गावी नोकरीला आहेत, तिथल्याच इस्पितळात जागा तयार आहे. नवरा-बायको एकदाचे एका छपराखाली येतील.

इथे मी आणि माझं शिलाई मशीन. असो.

सराव कोणावर करू, म्हणाली. म्हटलं, मी काय मेले आहे का?

६ फेब्रुवारी

दुकान बंद केलं की कटिंगच्या टेबलावर मी पालथी. दिवसभर तिथे लोकांचे कोट पडलेले असतात, संध्याकाळी मी. तिची भुवयांची पेन्सिल पाठीवर उमटेना, म्हणून माझा खुणेचा खडू दिला. उभा जन्म लोकांच्या पाठीवर खडू ओढला, आज कोणीतरी माझ्यावर सूड घेतला.

खांद्यामागचं पातं तिने छान काढलं असणार — मला कुठे दिसतंय! म्हणे, हे पातं बरगड्यांना हाडाने कुठेच जोडलेलं नाही. नुसत्या स्नायूंनी धरून ठेवलंय, आणि पुढून कॉलरच्या हाडाचा तेवढा आधार. (पुस्तकात त्याला जत्रू म्हणतात. मी शिंपीण, मी कॉलरचं हाडच म्हणणार.) इतक्या कच्च्या टाक्यावर मी आयुष्यभर इस्त्री ओढली!

हात मात्र बर्फासारखे गार. सांगितलं तिला — पेशंट आधी दचकेल, मग बरा होईल.

८ फेब्रुवारी

गुडघ्याची वाटी सापडली. कटकट आवाज ऐकून ती घाबरली. मी नाही.

११ फेब्रुवारी

आज स्नायू. दंडाची बेटकुळी काढून दाखवा, म्हणाली. दात-ओठ खाऊन काढली. ती वाकून वाकून बघते — "आई, काढा ना." अगं, काढली आहे!

स्नायूला ढकलता येत नाही म्हणे, फक्त ओढता येतं. म्हणून ते जोडीने असतात. पुढचा आखडला की मागच्याने सैल सोडायचं, तेव्हा कुठे कोपर वाकतं. दोघांनी एकदम ओढलं तर सांधा जागचा हलत नाही. म्हटलं, हे सासू-सुनांना लग्नाआधीच शिकवायला हवं. तर बाईसाहेब खडू झटकत म्हणतात, म्हणूनच तुमचा मुलगा पहिलं वर्षभर जागचा हलत नव्हता!

जीभ हासुद्धा स्नायूच. हिचा चांगला कमावलेला आहे.

१४ फेब्रुवारी

एक घोळ लक्षात आलाय.

खांद्याच्या पात्याला पुढच्या बाजूला आकड्यासारखं एक टोक असतं. ते बोटाने नेमकं शोधायचं — गेल्या वेळी ती अडली ती इथेच. आता झटकन शोधते. कशी, ते आज पाहिलं. तिचं बोट आधी माझ्या डाव्या कॉलरच्या हाडावरच्या गाठीवर जातं, तिथून दोन बोटं खाली उतरतं, आणि दाबते. रोज तसंच.

पण ती गाठ माझी एकटीची आहे! लहानपणी भिंतीवरून पडले, हाड मोडलं, जुळताना एकावर एक चढलं. ती दिसू नये म्हणून माझ्या प्रत्येक कोटाला डावीकडे आतून पातळ पॅड असतो. ही समजते, सगळ्या जगाला ती असते. परीक्षेत दुसऱ्याच माणसाचं गुळगुळीत हाड येणार, बोट घसरणार, हात थरथरणार, की संपलं.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आज मात्र मुकाट्याने खडू पुसून घेतला आणि भांडी घासायला गेले.

१५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी

नापास झाली तर निदान सहा महिने इथेच राहील. लिहून टाकलं एकदाचं. इथे कोण वाचतंय!

हे गेल्यापासून माझ्या पाठीला कोणाचा हात लागला नव्हता. मानेखाली एक जागा आहे, तिथे ती अंगठा दाबून धरते आणि सगळा दिवस उतरून जातो. हात आता गारही नसतात. टेबलावर येण्याआधी चहाच्या कपावर शेकून घेते, न सांगता.

पण म्हणून काय पोरीचं वाटोळं करायचं? शी! काय बाई मी.

२० फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन. खोलीला रंग दिलाय, दुसरी खुर्ची आणलीय. "या वेळी होईल ना गं?" म्हणाला. एवढा घोडा झालाय, पण आवाज शाळेतल्यासारखा. मला रडूच आलं. त्याला सांगितलं, सर्दी झाली आहे.

२३ फेब्रुवारी

सांगितलं! तिचं बोट गाठीवर टेकलं तसं मनगटच धरलं. म्हटलं, "अगं, ही गाठ तुझ्या पुस्तकातली नाही. ही माझ्या भिंतीवरून पडण्याची आहे. हिच्यावर विसंबू नकोस."

वाटलं, घाबरेल, रडेल, निदान हसेल तरी. काही नाही. बोट तसंच गाठीवर. मग "असं होय," एवढंच म्हणाली आणि ओल्या फडक्याने खडू पुसायला लागली. जरा जास्तच वेळ पुसत होती.

मीच धावत शेजारच्या बेकरीवाल्याला बोलावून आणलं. म्हटलं, परक्या अंगावर सराव होऊ दे. हा माणूस म्हणजे मळलेल्या कणकेचा गोळा! स्वतःच म्हणाला, हाडं आहेत का ते मलाही एकदा कळू दे. सूनबाईने पहिल्या झटक्यात आकडा शोधला. मी बघतच राहिले.

२६ फेब्रुवारी

पास!! हात थरथरले नाहीत. परीक्षक म्हणाले, तुझे हात छान उबदार आहेत.

बेकरीवाल्याने केक पाठवला, "माझ्या हाडांतर्फे" म्हणून.

१ मार्च

गेली.

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून वळली आणि म्हणाली, "आई, मोडून जुळलेलं हाड मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दुसऱ्या वर्षालाच शिकवतात."

मग रोज त्या गाठीवरून का जायचीस, विचारलं.

"तुम्ही सांगता का, ते बघत होते. नाही सांगितलंत, तर मी तुम्हाला हवी आहे असं समजणार होते. मग विचारणार होते, तुम्हीही चला आमच्याबरोबर. पण सांगितलंत. म्हटलं, यांना मला पाठवायचंच आहे."

मागची बाई सामान घेऊन चढायला लागली. कंडक्टरने दार ओढलं. मी हात वर केला तो तसाच राहिला.

३ मार्च

सकाळी फोन केला. म्हटलं, अगं, ती गाठीची गोष्ट — मी सांगितलीच नव्हती, असं समज.